मालकाला बोलवा

माझ्याच घरातल्या कॉम्प्युटरने मला ओळखायला नकार दिला, तो मंगळवार होता. आठ फेब्रुवारी, दुपारचे पावणेचार. वेळ इतकी अचूक सांगता येते, कारण सकाळी नऊपासून मी त्याच्यासमोर बसून होतो आणि घड्याळाकडे बघण्यापलीकडे मला काही काम उरलं नव्हतं.

मी सर्जेराव बोराटे, वय वर्षं त्रेसष्ट. चौदा वर्षं झाली, आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेचा सेक्रेटरी आहे. संस्थेत एकशे अठरा शेतकरी. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून दहा दिवस पाणी सोडलं, की ते कुणाच्या रानात कधी आणि किती मिनिटं जायचं, याचं पाळीपत्रक करायचं काम माझं. पूर्वी पाटकरी खांद्यावर फावडं टाकून बांधाबांधाने फिरायचा आणि दारं मोडायचा, बांधायचा. आता प्रत्येक दारावर एक लोखंडी डबा बसवलाय. आमच्या कॉम्प्युटरवरून पत्रक पाठवलं की डबे आपापल्या वेळेला दार उघडतात आणि लावतात. पत्रक पोचलं नाही तर दारं बंद राहतात आणि आमच्या वाटणीचं पाणी पुढच्या तालुक्याला निघून जातं. डब्यापुढे रडून उपयोग नसतो. पाटकऱ्याला निदान चहा तरी पाजता यायचा.

दिवाळीत पाणी खात्याचं पत्र आलं होतं, की एक फेब्रुवारीपासून दारं जुन्या प्रणालीचं ऐकणार नाहीत, तेव्हा आपापल्या कॉम्प्युटरवर 'ओळख' नावाची नवी प्रणाली चढवून घ्यावी. माझी बायको शैलजा दिवाळीपासून सांगत होती की हे काम उरकून टाका. मी करू, बघू म्हणत राहिलो. शेवटी जानेवारी संपला आणि बारा तारखेला, शनिवारी सकाळी सहाला आवर्तन सुटणार असं ठरलं. पत्रक शुक्रवारी पाचच्या आत जायला हवं. तेव्हा ती म्हणाली, "आता घाई करू नका. मी सोमवारी माहेरी जाऊन येते, मंगळवारी दुपारी दोघं मिळून करू." मी मंगळवारी सकाळी नऊलाच बसलो. पुरुष माणूस घरात एकटा असला की त्याला कर्तबगारी सुचते.

नवी प्रणाली चढवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आधी शहाऐंशी पानांचा करार आला. तो मी न वाचता मान्य केला. मग पडद्यावर आलं, 'थोडी कळ काढा, फक्त काही मिनिटं.' मिनिटं किती, ते नाही. चौतीस टक्क्यांवर गाडी जी अडली ती तासभर. मी गोठ्यात जाऊन आलो, चौतीस. आंघोळ केली, चौतीस. जेवलो तर एकतीस झालेलं. टक्के मागे येतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. चार वेळा तो आपणहून बंद पडला आणि चालू झाला. प्रिंटरबद्दल म्हणाला, 'हे यंत्र माझ्या परिचयाचं नाही.' मग मला विचारलं, 'तुमच्याशी कसं बोलू? अरे, की अहो?' मी 'अहो' निवडलं. तेवढाच दिवसभरात मिळालेला मान.

आणि साडेतीनला शेवटचा प्रश्न आला. 'संगणकाच्या मालकाचं नाव.' एकच चौकट होती. मी तीत लिहिलं, सर्जेराव ज्ञानदेव बोराटे.

त्याच वेळी शैलजा माहेराहून आली. हातात हरभऱ्याची जुडी होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, तेव्हा पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं होतं, 'अभिनंदन, सर्जेराव. हा संगणक आता फक्त तुमचा.'

"बरं झालं," ती म्हणाली. "कळलं एकदाचं."

मला वाटलं, काम फत्ते झाल्याबद्दल म्हणतेय. मी खुशीत हसलोसुद्धा. ती आत गेली. पडद्यावर जुन्या पत्रकातल्या नावा-आकड्यांचा चार ओळींचा मजकूर आला, तो टाइप करून ओळख पटवायची होती. मी केला. उत्तर आलं, 'अहो, हे हात मालकाचे नाहीत. कृपया मालकाला बोलवा.'

मी पाच वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा त्यानं तासाभरासाठी दार लावून घेतलं.

मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. अपर्णा डोंगरे, नागपूरची. आवाजावरून गोड होती, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"काका, तुम्ही पासवर्ड शोधून राहिले का? पासवर्ड नसते आता," ती म्हणाली. "ओळख तुमची बोटं बघते."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. आपण एखादी कळ दाबतो, तेव्हा ती किती वेळ दाबून धरतो, एका कळेवरून दुसरीवर जायला किती वेळ घेतो, कुठल्या शब्दापाशी अडखळतो, कुठं दम खातो, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागात असतो, पण असतो. बांधावरून येणारा माणूस तोंड दिसायच्या आधी नुसत्या चालीवरून ओळखू येतो, तशी बोटांचीही चाल असते. पासवर्ड चोरता येतो, अंगठ्याचा ठसा उचलता येतो, पण दुसऱ्याची चाल चार ओळीसुद्धा धरून ठेवता येत नाही. आमच्या जुन्या प्रणालीनं बारा वर्षांचं टाइपिंग साठवून ठेवलं होतं. ओळखनं येताक्षणी ते सगळं वाचलं, त्यातून या घरात कोण टाइप करतं त्याची चाल काढली आणि तोच मालक धरला. वर चौकटीत लिहिलेलं नाव ही त्याच्या दृष्टीनं नुसती पाटी होती.

"तुमची चाल मालकाशी सत्तेचाळीस टक्के जुळते," अपर्णा म्हणाली. "नव्वद लागते."

"अगं, पण मालक मीच आहे."

"सगळेच म्हणतात काका."

दुसरा उपाय होता. जिल्ह्याच्या कार्यालयात कागदपत्रं घेऊन जायचं आणि मालक नव्यानं नोंदवायचा. कामकाजाचे पंधरा दिवस. दारं उघडायचा अधिकार त्या ओळखीशीच बांधलेला असल्यानं दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरूनही पत्रक जाणार नव्हतं. फेब्रुवारीत गव्हाचे दाणे भरायचे दिवस असतात. हे पाणी चुकलं की गहू चिमतो, मग पंधरा दिवसांनी पाण्यात बुडवला तरी काही होत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि शैलजाला सगळं सांगितलं. ती हरभरा सोलत होती. मान वर केली नाही, एक शब्द बोलली नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अबोला सुरू झालाय.

आमच्या घरचा अबोला शिस्तीचा असतो. जेवण वेळेवर मिळतं, इस्त्रीचे कपडे जागेवर असतात, चहात साखर कमी पडत नाही. फक्त मला उद्देशून काही म्हटलं जात नाही. म्हटलं जातं ते भिंतीला किंवा म्हशीला. बुधवारी सकाळी ती ओट्याकडे बघून म्हणाली, "चहा झालाय. ज्याचा कॉम्प्युटर आहे त्यानं घ्यावा." तेव्हा मला कारण कळलं. खरं सांगतो, कळल्यावर पहिल्यांदा मला रागच आला. एका चौकटीत मी दोन नावं कशी लिहिणार होतो?

दहाच्या सुमाराला गुलाबभाई मुलाणी आले. चारीच्या, म्हणजे कालव्यातून रानात जाणाऱ्या पाटाच्या, अगदी शेवटाला त्यांचं दोन एकर रान. शेवटाच्या माणसाला पाण्याची धास्ती सगळ्यात जास्त, कारण वर कुणी पाच मिनिटं जास्त घेतली की त्याच्या दारात नुसता चिखल पोचतो. त्यांना त्यांची पाळी कधी, एवढंच विचारायचं होतं.

"गुलाबभाई," मी म्हणालो, "कॉम्प्युटर उघडत नाही. घरात सांगा, की एकदा बसून बघावं म्हणून."

गुलाबभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या शैलजाकडे. ती त्यांच्यापासून चार हातांवर होती.

"गुलाबभाई," ती म्हणाली, "त्यांना सांगा, फक्त त्यांचा आहे तो. मी परक्याच्या वस्तूला हात लावत नाही."

"म्हणत्यात की फक्त तुमचा..." गुलाबभाई मला सांगू लागले.

"ऐकलं मी."

"मग मला कशाला मधी घालता ओ?" ते म्हणाले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. "हे बघा वहिनी, माझा गहू आलाय भरायला. सून म्हणत होती, यंदा चौदा पोती तरी होईल. तुमचं काय भांडाण आसंल ते आसू द्या. चौदा वर्सं झाली, मला पाळी तुमच्याकडनंच कळतीया. ह्या आप्पांला फोन केला की ते म्हणत्यात थांबा, शैलजाला इचारतो. मग ह्यो कांप्युटरचा डबा तुमचा न्हाई तर कुणाचा?"

पदराला हात पुसून शैलजा सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. ती लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, मिनिटाला चाळीस शब्दांची. चार ओळी तिनं एका दमात मारल्या. मी आणि गुलाबभाई मागे उभे. उत्तर आलं, 'अहो, हे हात मालकाचे नाहीत. बावन्न टक्के. कृपया मालकाला बोलवा.'

माझ्यापेक्षा पाच टक्के जास्त मिळाल्याचं समाधान तिच्या तोंडावर क्षणभर दिसलं. मग तेही गेलं. गुलाबभाई म्हणाले, "म्हंजे तुमच्या दोघांच्या घरात तिसरंच कोन ऱ्हातंय?" आणि चहा न घेता निघून गेले. जाताना बांधावर दोनदा थांबून त्यांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या चौदा पोत्यांचं ओझं दिवसभर माझ्या डोक्यावर राहिलं.

गुरुवारी सकाळी अपर्णाचा आपणहून फोन आला. रात्री घरी जातानाही आमचं प्रकरण तिच्या डोक्यात होतं, म्हणाली. तिनं मालकाची चाल मागवून घेतली होती.

"काका, एक विचारू? रागावू नका. तुमच्या मालकाला तीन हात आहेत का?"

"काय?"

"नाही, मी खरंच विचारून राहिली. बघा, मालक नाव टाइप करतो. दोन्ही हातांनी, एकदम सराईत. नावाचं शेवटचं अक्षर पडते नं, तोच उजव्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट पडते. माणसाला तिथवर हात न्यायला जेवढा वेळ लागते, त्याच्या आधीच. तिसरा हात तिथं आधीपासून ठेवला असल्याशिवाय हे होत नाही."

फोनचा आवाज मोठा होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. शैलजा बाहेर आली. आम्ही दोघांनी कॉम्प्युटरसमोरच्या जागेकडे बघितलं. तिथं एक खुर्ची नव्हती. दोन होत्या, गेली बारा वर्षं.

डावीकडे ती बसते, अक्षरं तिची. उजवीकडे मी, आकडे माझे. दर आवर्तनाला कुणी गहू म्हणतो, कुणी कांदा, कुणाला पाणीच नको असतं, त्यामुळे पत्रक दर खेपेला पहिल्यापासून करावं लागतं. मागणीचे अर्ज माझ्या मांडीवर असतात. मी नाव पुकारतो, ती नाव आणि पीक टाइप करते, मी तारीख, वेळ, मिनिटं मारतो. एकशे अठरा वेळा. पत्रकच नव्हे, संस्थेचं साधं निमंत्रणसुद्धा आम्ही असंच करतो. कधीकाळी वेळ वाचावा म्हणून लागलेली सवय. ओळखनं बारा वर्षांच्या टाइपिंगमधून जो माणूस काढला, तो मीही नव्हतो आणि तीही नव्हती.

"अगोबाई," अपर्णा फोनवर म्हणाली. "म्हणजे चार हात. मग सोपं आहे, दोघं मिळून बसा नं."

आम्ही बसलो. ती डावीकडे, मी उजवीकडे. अबोला चालूच होता. तिनं मजकूर मारला, आकडे आले की मी मारले. चौसष्ट टक्के. पुन्हा केलं, सहासष्ट. तिसऱ्यांदा एकसष्ट.

"काहीतरी कमी पडून राहिलं," अपर्णा म्हणाली. "हात दोघांचेच आहेत, पण मधले थांबे जुळत नाहीत. तुम्ही एरवी असंच बसता? गुपचूप?"

एरवी आम्ही गुपचूप बसत नाही. मी मोठ्यानं नाव पुकारतो, तिचं टाइप करून झालं की ती 'हं' म्हणते, आणि त्या 'हं'वर माझी बोटं पडतात. बारा वर्षांत आम्ही ते कधी ठरवलं नव्हतं. आता ती नाव टाइप करून तोंड मिटून बसायची आणि मी पडद्याकडे बघून अंदाजानं आकडे मारायचो. एकशे अठरा शेतकऱ्यांचा गहू एका 'हं'वर अडला होता आणि तो हुंकार शैलजाच्या ताब्यात होता.

मी फोन बंद करून उपडा ठेवला. गुरुवार दुपार, उन्हानं अंगण तापलेलं, आणि मी माझ्या बायकोची माफी कशी मागायची याचा विचार करत बसलो. 'चौकट एकच होती,' हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"शैला," मी म्हणालो, "नाव लिहिताना तू माझ्या मनातच आली नाहीस. मुद्दाम वगळलं असतं तर एक वेळ भांडता आलं असतं. मुद्दाम नव्हतं. आलीच नाहीस. हे जास्त वाईट आहे, मला कळतंय."

ती पडद्याकडे बघत होती.

"चौदा वर्षं संस्थेच्या एका कागदावर माझं नाव नाही," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं का काही? घरात तरी आहे, असं धरून चालले होते. परवा तेही दिसलं."

"माझं चुकलं."

"चुकलंच." तिनं डोळे पुसले, मग नाक, मग चष्मा. "पुढं काय? गुलाबभाई वाट बघत असतील. नाव सांगा."

मी घसा साफ केला आणि पडद्यावरचं पहिलं नाव पुकारलं. तिची बोटं चालली.

"हं," ती म्हणाली.

माझा हात आपोआप पडला. दुसरं नाव. हं. तिसरं नाव. चौथ्या ओळीला पडद्यावर आलं, 'त्र्याण्णव टक्के. अहो, या. तुमचीच वाट बघत होतो.' आणि बारा वर्षांचं सगळं सामान जागच्या जागी दिसू लागलं. प्रिंटर तेवढा अजूनही परिचयाचा नव्हता.

पत्रक गुरुवारी संध्याकाळी गेलं. शनिवारी पाणी सुटलं आणि आठव्या दिवशी सकाळी गुलाबभाईंचा फोन आला, की दारात पाणी वीतभर उभं आहे. तो फोन त्यांनी शैलजाच्या मोबाइलवर केला होता.

त्याआधी, सोमवारी, अपर्णानं पुन्हा फोन केला. तिच्या साहेबांनी विचारलं होतं, की हे असं एकत्र ठेवायचं, की दोघांना वेगळं करून द्यायचं.

"एकत्रच ठेव," मी रुबाबात म्हणालो. "आता या वयात वेगळं काय व्हायचं?"

"वेगळं करा," शैलजा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "उद्या हे आजारी पडले, किंवा आमच्यातलं एक गेलं, तर मागे राहिलेल्यानं दाराबाहेर उभं राहायचं का? आणि गावानं कोरडं राहायचं? मला एकटीला उघडता आलं पाहिजे. माझ्या नावानं." मग मला म्हणाली, "तोंड पाडू नका. सोडून चालले नाही मी."

वेगळं व्हायला एकवीस दिवस लागतात. त्या काळात दोघांनी रोज तासभर एकट्यानं टाइप करायचं, म्हणजे दोघांच्या दोन चाली तयार होतात. चाल पक्की व्हायला ती रोज सारखी पडली पाहिजे. त्यासाठी मला अक्षरं शिकायची होती आणि तिला आकडे. सकाळचा तास तिचा, दुपारचा माझा. एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून चुका काढायच्या. चुका काढण्यात शैलजाचा हात कुणी धरणार नाही.

तिला आकडे आठ दिवसांत आले. मला अक्षरं येता येईनात. 'ज्ञ' सापडेपर्यंत चहा निवायचा, आणि माझ्या बापाचंच नाव ज्ञानदेव. पण त्या तासांत मी पहिल्यांदा आमचं पाळीपत्रक नीट वाचलं. चौदा वर्षं मी त्याच्याखाली सही करत होतो. मी अर्जावर बघून 'सोपान गोरे' असं पुकारायचो, पत्रकात मात्र 'अनुसया गोरे' होतं. सोपान जाऊन सहा वर्षं झाली होती. सातबाराच्या उताऱ्यावर अजून त्याचंच नाव होतं, अर्जही त्याच नावानं यायचा, पण पत्रकात शैलजानं त्याच्या बायकोचं नाव घातलं होतं. अशी अकरा नावं निघाली. मी पुकारलं एक आणि तिनं लिहिलं दुसरं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही कधी वाचलंत का?" ती म्हणाली. "त्या बाया वाचतात. चावडीवर पत्रक लागलं की आपलं नाव बघून जातात."

मी त्या संध्याकाळी संस्थेच्या चेअरमनना चिठ्ठी लिहिली, हातानं. सेक्रेटरीपदासाठी शैलजाचं नाव सुचवलं. सभेत कुणी हरकत घेतली नाही. चेअरमन म्हणाले, आम्हाला वाटलं त्याच आहेत. लोकांना एखादी गोष्ट माहीत असते आणि ती फक्त घरच्यालाच माहीत नसते.

सात मार्चला, एकविसाव्या दिवशी, परीक्षा होती. अपर्णा फोनवर होती. परीक्षा बघायला गुलाबभाईंची सून परवीनही आली होती, कारण शैलजानं तिलाही शिकवायला घेतलं होतं. संस्थेचं काम एका घरात अडकून राहू नये, हा नव्या सेक्रेटरीबाईंचा पहिला हुकूम.

शैलजा बसली. नावं तिनं मारली, आकडेही तिनंच मारले. 'शहाण्णव टक्के. शैलजाबाई, या. हा संगणक तुमचा.' ती खुर्चीवर जरा सरळ बसली. परवीननं तिच्या हातावर टाळी दिली. मला इतका आनंद झाला की मला माझंच आश्चर्य वाटलं.

मग मी बसलो. एकाहत्तर टक्के. पुन्हा केलं, अडुसष्ट.

"काका, टाइपिंग तर सुधारलं तुमचं," अपर्णा म्हणाली. "पण चाल स्थिरच होऊन नाही राहिली. मी आलेख बघून राहिली आहे. प्रत्येक नाव झालं की तुम्ही थांबता. आकडा तुम्हाला पाठ असते, बोट कळेवर असते, पण तुम्ही दाबत नाही. कधी अर्धा सेकंद, कधी दोन. कुणी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखे. घाबरू नका, हे जाईल. अजून एकवीस दिवस सराव करा, मी एक प्रोग्राम पाठवते. थांबलात की तो बारीक शिट्टी वाजवते. दहा दिवसांत सवय मोडते."

माझे कान गरम झाले. परवीन खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हणालो, "पाठव."

"नको," मागून शैलजा म्हणाली. "त्यांना तेवढं थांबू दे."

"पण काकू, मग काकांना एकट्यानं आत जाता येणार नाही."

"मी आहे, परवीन आहे. दारं उघडायला आम्ही दोघी पुरे आहोत. यांना काही बघायचं असलं तर मला विचारतील, मी उघडून देईन." तिनं माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "विचाराल ना?"

"विचारीन," मी म्हणालो.